आधी आईचं नाव

मनोरमाबाईंना संशय येत नसे. तो त्यांच्याकडे मुक्कामालाच होता. गिरगावातली खोली सोडून त्यांनी मीरा रोडला फ्लॅट घेतला, तेव्हा ताबा मिळाला त्याच संध्याकाळी बिल्डरनं बसवलेलं कुलूप काढून दारावर आपलं कुलूप चढवलं.

"ज्यानं एक किल्ली हातात दिली, त्याच्या खिशात दुसरी नसेल कशावरून?"

त्यांचे यजमान आत्माराम देवाच्या तसबिरीसाठी भिंतीत खिळा ठोकत होते. ते म्हणाले, "तसबिरीच्या मागेही बघून घे एकदा. कुणी बसलेलं नाही ना."

मनोरमाबाईंनी खरंच पाहिलं. भिंतीला तडा होता.

"बघा," त्या म्हणाल्या.

हा पीळ नुसता जन्माचा नव्हता, नोकरीनं तो घट्ट केला होता. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी मुंबईतल्या एका खाजगी प्रयोगशाळेत खाद्यतेलातली भेसळ पकडण्यात घालवली. शेंगदाण्याच्या तेलात सरकीचं तेल मिसळलेलं असलं, की एक उग्र वासाचं रसायन घालून तापवल्यावर नळीत लाल रंग चढे. व्यापारी समोर बसून मुलाबाळांच्या शपथा घेत, आणि त्यांच्या देखत नळी हळूहळू लाल होत जाई. असं वर्षानुवर्षं पाहिलेल्या बाईला माणसाच्या तोंडापेक्षा नळीवर जास्त भरवसा वाटू लागला, तर तिला नावं कशी ठेवायची?

ती प्रयोगशाळा बंद पडली आणि नव्वद साली त्यांना घराजवळच काम मिळालं. कापसाचं बियाणं करणाऱ्या एका कंपनीनं हाटकेशला एका गाळ्याच्या वरच्या मजल्यावर छोटी प्रयोगशाळा मांडली होती. खाली स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करणाऱ्या यंत्रांची घरघर चाले. कंपनीचं शेत जालन्याकडे. तिथून कापडी पिशव्यांतून सरकी येई आणि तिच्यात तेल किती ते मनोरमाबाई सांगत. जिच्यामागे आयुष्यभर पोलिसासारख्या लागल्या, त्याच सरकीची आता सरबराई करायची होती.

शेतावरचे शास्त्रज्ञ पंढरीनाथराव यांना एक ध्यास होता. कापूस लोक धाग्यासाठी लावतात, सरकीकडे कुणी बघत नाही. पण जिनिंगमधून निघालेली सरकी तेलघाण्याला जाते, पेंड गुरांना जाते; तेव्हा लांब धागा आणि तेलानं भरलेला दाणा ही दोन्ही सुखं एका झाडावर का नांदू नयेत? नांदत मात्र नव्हती. शेतावर एक जात होती, तिला गडी 'लोणी' म्हणत. शंभर ग्रॅम सरकीत बावीस ग्रॅम तेल, धागा मात्र आखूड. दुसरी 'रेशीम'. धागा लांब, चमकदार, आणि तेल जेमतेम अठरा. पंढरीनाथरावांनी दोघींचा संकर केला, आणि तोही दोन्ही बाजूंनी. एकदा लोणीच्या फुलातले केसर काढून त्यावर रेशमाचे पराग लावले, एकदा उलट. ज्या झाडावर बोंड धरतं ती आई. पिशवीवरच्या चिठ्ठीत आधी आईचं नाव, मग बापाचं, हा त्यांचा दंडक. म्हणून एक पिशवी आली 'लोणी-रेशीम', दुसरी 'रेशीम-लोणी', आणि ताडून बघायला नुसत्या लोणीच्या व नुसत्या रेशमाच्या दोन पिशव्या.

मनोरमाबाईंच्या हाताखाली एकच बाई होती. पुष्पलता. भाईंदरच्या जुन्या गावातली. तिच्या सासऱ्यांपर्यंत घरची मिठागरं होती. आता नवरा मिळेल तेव्हा टेम्पो चालवी आणि दारात एक म्हैस होती. सरकीच्या अंगावरची लव आम्लात जाळायची, चुन्याच्या निवळीत दाणे धुवायचे, गच्चीवर वाळवायचे, दळायचे आणि गाळणकागदाची पुडी बांधून मनोरमाबाईंच्या हाती द्यायची, हे तिचं काम. पुढे काचेच्या उपकरणात ईथरनं तेल उतरवणं आणि तोलणं हे बाईंचं. पुष्पलता रोजावर होती. त्या वर्षी तिला कायम करायचं घाटत होतं. तिला नोकरीवर सोडताना तिच्या सासूनं, दुर्गाआजीनं, एकच अट घातली होती: कामाचं काय ते कर, पण घराचं नाव कुणाच्या तोंडी यायला नको.

दोन्ही संकरांत तेल वीसच्या आसपास निघेल अशी सगळ्यांची अटकळ होती. आईबाप तेच, नुसती बाजू बदललेली. मनोरमाबाईंनी तोलून पाहिलं. लोणी-रेशीम बावीस. रेशीम-लोणी अठरा. जणू संकर झालाच नव्हता. दोन्ही पिशव्या हुबेहूब आपापल्या आईसारख्या निघाल्या होत्या.

त्यांनी पुन्हा केलं. पुन्हा तेच.

मग त्यांची नजर खिडकीतून बाहेर गेली. गच्चीवर पुष्पलता उकिडवी बसून आपल्या झोळीत सरकी भरत होती.

संशय असा लख्ख उभा राहिला, की त्यांना जवळजवळ समाधान वाटलं. घरी म्हैस. म्हशीला सरकी घातली की दूध घट्ट येतं, हे शेंबडं पोरही सांगेल. ही बया संकराचे दाणे म्हशीला नेते आणि नुसत्या लोणीचे, नुसत्या रेशमाचे दाणे पुडीत बांधून देते. तिच्या लेखी सरकी ती सरकी.

फोन खालच्या पॉलिशवाल्याच्या ऑफिसात होता. मनोरमाबाईंनी शेतावर फोन लावला. आकडे ऐकून पंढरीनाथराव आधी स्वतःच्याच माणसांवर घसरले.

"आमच्या बायांनी फुलातले केसर नीट काढले नसतील हो. झाडाचाच पराग झाडाला लागला असेल. मग संकर कुठला व्हायला?"

"तसंही असेल," मनोरमाबाई आवाज उतरवून म्हणाल्या. "किंवा दाणे इथे बदलले असतील."

"तिथे? कोण बदलेल?"

"आमच्याकडे एक मुलगी आहे. तिच्या घरी म्हैस आहे."

मग ते म्हणाले, "पेरल्यावर कळेल. झाडं लोणीसारखी आली तर चूक आमची. संकराची आली, तर तुमच्या तिथली. तोवर तिला कायम करायचं थांबवू."

त्या ऑफिसात आवाज उतरवून काही फायदा नसे. तिथे बोललेलं संध्याकाळच्या आत भाईंदरच्या गावात पोचे.

नुसता संशय बोलून मोकळं होणं हे मनोरमाबाईंच्या तत्त्वात बसणारं नव्हतं. पुरावा हवा. त्यांनी सापळा लावला. दुपारी पुष्पलता डबा खायला खाली गेली असताना त्यांनी दोन्ही संकरांच्या पिशव्यांवरच्या चिठ्ठ्या उसवल्या आणि अदलाबदल करून पुन्हा शिवून टाकल्या. आता 'रेशीम-लोणी' लिहिलेल्या पिशवीत खरे लोणीच्या झाडावरचे दाणे होते. पुष्पलता चिठ्ठी वाचून त्या आईच्या जातीचे नुसते दाणे भरत असेल, तर त्या पिशवीचं तेल चिठ्ठीप्रमाणे अठरा येईल. प्रामाणिक असेल, तर आतल्या दाण्यांप्रमाणे बावीस येईल. कुणाला काही विचारायलाच नको.

"पुष्पलता, या दोन्हींच्या पुड्या पुन्हा एकदा दे."

"पुन्ना? बाई, ही सरकी हाय का सोनं?"

"तू दे."

तेल बावीस आलं.

मनोरमाबाईंनी आकडा वहीत लिहिला. पुष्पलता चोर नव्हती. ती जे पिशवीत होतं तेच पुडीत बांधत होती. त्यांना बरं वाटायला हवं होतं. पण हातातला मुद्देमाल कुणी काढून घ्यावा तशा त्या खट्टू झाल्या. अंधारून आलं होतं. चिठ्ठ्या सकाळी जागच्या जागी शिवू, असं ठरवून त्या घरी गेल्या.

सकाळी कपाटात त्या दोन पिशव्या नव्हत्या.

"साहेब आलेवते," पुष्पलता म्हणाली. "मुंबईत कसली मीटिंग व्हती म्हनं. जाता जाता दोनी पिशव्या घेऊन गेले, पेराया. मीच दिल्या काढून. का हो बाई? द्यायच्या नव्हत्या?"

"नाही, नाही. बरोबर केलंस."

खाली फोन होता. जिना उतरून गेलं की झालं. साहेब, चिठ्ठ्या उलट्या आहेत. का? मी बदलल्या. कशासाठी? या शेवटच्या प्रश्नाशी त्या जिन्याच्या तोंडावरच अडखळल्या. कंपनीच्या बियाण्याची ओळख बदलणं म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. भेसळच ती. त्या परत फिरल्या आणि काचेची नळकांडी धुऊ लागल्या.

पुढलं वर्ष कसं गेलं ते आत्मारामनाही नीट कळलं नाही. बायको दुधाची पिशवी हलवून न बघता तापवायला ठेवी, रिक्षावाल्याशी हुज्जत घालत नसे. "बरं नाही का?" त्यांनी विचारलं. "बरी आहे." "मग रद्दीवाल्याचा काटा का नाही बघितलास?" आपण ज्यांना पकडायचो ते व्यापारी रात्री झोपत कसे, हा प्रश्न मनोरमाबाईंना पहिल्यांदाच पडला होता.

प्रयोगशाळेत पुष्पलता पहिल्यासारखी बडबडत नसे. गच्चीवर जाताना आपली झोळी उलटी करून, झटकून, बाईंना दिसेल अशी खुंटीला लावी. एकदा तिनं विचारलं, "माजं कायम व्हायाचं काय झालं, बाई?"

"साहेब बघतायत."

"काय बघतायत?"

मनोरमाबाईंनी तराजूत वजन टाकलं. वजन चुकीचं होतं.

"सासू इचारते," पुष्पलता म्हणाली. "खालच्या पॉलिशवाल्यांकडून गावात आलंय, काय तरी चोरीचं. मी सांगितलं, माज्या बाईंना ठाव हाय मी कशी हाय ती."

थंडीत नव्या पिकाची सरकी आली. झाडं पाहिल्यावर पंढरीनाथरावांची खात्री पटली होती: उंची, पान, फूल, सगळं दोन्ही जातींच्या मधलं. संकर पक्का झाला होता. त्या झाडांवर धरलेल्या सरकीचं तेल मनोरमाबाईंनी स्वतः उतरवलं. एका पिशवीचं वीस. दुसरीचंही वीस.

पंढरीनाथराव आकडे घ्यायला स्वतः आले. खुर्चीवर बसायच्या आधीच बोलू लागले.

"बघा, आता सगळं उघड आहे. शेतावर पेरले ते दाणे संकराचेच होते, झाडं तेच सांगतात. मग गेल्या वर्षी तुमच्या तराजूत आईसारखं तेल आलं कुठून? पुडीत दाणे दुसरे होते. तुम्ही म्हणालात तेच खरं निघालं. त्या मुलीला या शनिवारपासून येऊ नको म्हणून सांगा."

गच्चीवर पुष्पलताच्या चाळणीचा आवाज येत होता.

"साहेब, दाणे बदलले नव्हते," मनोरमाबाई म्हणाल्या.

"तुम्हीच म्हणाला होतात."

"म्हणाले होते. मग मी सापळा लावला." आणि त्यांनी सांगून टाकलं. चिठ्ठ्या कशा उसवल्या, तेल चिठ्ठीप्रमाणे न येता दाण्यांप्रमाणे कसं आलं, आणि पिशव्या उलट्या नावांनी शेतावर कशा गेल्या.

पंढरीनाथरावांचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. "म्हणजे सबंध हंगाम मी उलटी पाटी लावून शेत पिकवलं? आणि तुम्ही वर्षभर..." ते थांबले. "आत्ता तरी खरं बोलताय कशावरून? तिला वाचवायला रचत नसाल कशावरून?"

हा प्रश्न मनोरमाबाईंनी आजवर शेकडो लोकांना विचारला होता. त्यांना कुणी विचारला नव्हता. "कशावरूनच नाही," त्या म्हणाल्या. "पण यात माझी नोकरी जाईल, एवढं मला कळतं."

पंढरीनाथराव उठून खिडकीशी गेले. खालची यंत्रं घरघरत होती. तिथून ते बोलू लागले, आणि ते बोलणं मनोरमाबाईंशी कमी, स्वतःशीच जास्त होतं.

"पहिल्या वर्षी संकराचा दाणा धरला कुठे? लोणीच्या झाडावर. दाणा अर्धा रेशमाचा. पण त्याला पोसलं लोणीनं. तिच्याच पानांनी, तिच्याच मुळांनी. तेल तिनं भरलं, ती भरते तेवढं. दुसऱ्या पिशवीला रेशमानं पोसलं, म्हणून अठरा. तुमचे आकडे खरेच होते." ते वळले. "तेच दाणे पेरले. आता झाडंच अर्धी अर्धी. दोन्ही पिशव्यांतली झाडं एकसारखी, मग त्यांनी भरलेलं तेलही एकसारखं. वीस आणि वीस. चिठ्ठ्या उलट्या गेल्या काय, सुलट गेल्या काय, या उत्तरात फरक पडणारच नव्हता."

"म्हणजे दोन्ही वर्षांचं खरं?"

"तसं दिसतंय. पुन्हा संकर करून बघीन, तेव्हाच मानीन. पण तसं असेल तर मी दाण्याचं तेल बघून निवड करत बसलोय ते वाया आहे. निवडायचं ते झाड." ते क्षणभर हरखले आणि लगेच पुन्हा कडू झाले. "आईचा असर. कॉलेजात शिकलोय मी हे. गेल्या वर्षीच सुचायला हवं होतं. पण तुमचा फोन आला, आणि मी आपला म्हशीचाच विचार करत बसलो."

निकाल त्यांनी उभ्या उभ्याच दिला. पुष्पलता कायम. मनोरमाबाईंची नोकरी राहील. पण यापुढे पिशव्या पुष्पलताकडे येतील. बाईंना फक्त आकडा घातलेल्या पुड्या मिळतील. आत कुठली जात, कोण आई, कोण बाप, हे त्यांना कळणार नाही. "आणि तिला हे सगळं तुम्ही सांगायचं. मी नाही."

गच्चीवर पुष्पलता दाणे पसरत होती. मनोरमाबाई उभ्या राहूनच बोलल्या. सगळं ऐकून झाल्यावर तिनं विचारलं, "त्या दिशी झोळीत भरत व्हते, ती सरकी तुमीच फेकाया सांगितलेली. तपासून उरलेली. आठवतंय?"

मनोरमाबाईंना आठवलं. त्याच म्हणाल्या होत्या, जागा अडते, फेकून दे.

"हो."

"संशव घेतलात त्याचं मना काय न्हाय. तुमचा सोभावच हाय तो. तुमी देवाला पन पावती मागाल." ती हसली नाही. "पन तेल बावीस आलं, तवा तुमाला कळलं मी खरी हाय. आनि वरीसभर मी झोळी झटकून दाखवत व्हते ती तुमी बघत बसलात?"

मनोरमाबाई वाकून सांडलेले दाणे गोळा करू लागल्या.

"मना सांगून काय उपेग, बाई? मना ठावंच व्हतं. सासूला येऊन सांगा."

रविवारी मनोरमाबाई भाईंदरला गेल्या. आत्माराम सोबत येतो म्हणाले, त्यांना त्यांनी घरीच बसवलं. गावातलं घर कौलारू होतं. ओट्यावर दुर्गाआजी सुकटीतला कचरा निवडत बसली होती. पुष्पलतानं पाट आणून ठेवला आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

मनोरमाबाईंनी सांगायला सुरुवात केली. सोपं करून, सावकाश. मुलीची चूक नव्हती, माझी होती, आता तिला कायम केलंय. आजी सुकटीवरचे डोळे न उचलता ऐकत होती. सगळं झाल्यावर तिनं सुनेला विचारलं, "ही बाय ऱ्हाते कुठं?"

"मीरा रोडला."

"मंग एवढ्या लांब कशाला आलीय? कायम केलंय ते कागदावर हाय ना? तोंडानं सांगाया का आली?" आता तिनं वर पाहिलं. बारीक, घारे डोळे मनोरमाबाईंच्या पदरावर, पिशवीवर, चपलांवर फिरून पुन्हा चेहऱ्यावर आले. "काय पायजे हिला?"

"काही नको, आजी. खरंच."

"काय न्हाय पायजे, तं मानूस येत न्हाय."

या जागी आपण असतो तर हेच म्हटलं असतं, अगदी याच सुरात, हे मनोरमाबाईंना इतकं स्वच्छ दिसलं, की वाद घालणं त्यांना अन्यायाचं वाटलं.

"चोरी झालीच न्हाय म्हंते," आजी पुढे म्हणाली. "मंग तेल कमीजास्त आलं कशानं? सरकी तीच, मानसं तीच. मना येडी समजते का? काय तरी झाकाया आलीय ही."

"आय, ऐक तं खरं," पुष्पलता म्हणाली.

"ऐकलं की. पटंना."

पुष्पलतानं मनोरमाबाईंकडे पाहिलं. त्या नजरेत माफी नव्हती, रागही नव्हता. काम अर्धं टाकणाऱ्याकडे पाहतात तशी ती पाहत होती. "पुन्ना सांगा, बाई," ती म्हणाली. "पयल्यापासनं."

मनोरमाबाईंनी पाट आजीच्या जवळ ओढून घेतला. सुपातली मूठभर सुकट हातात घेतली आणि निवडू लागल्या.

"आजी, कापसाच्या दोन जाती होत्या," त्या म्हणाल्या. "एकीला म्हणायचे लोणी."

"कोन म्हनायचे?" आजीनं विचारलं.